जुन्या घरांची चित्रकर्ती

इंग्लंडच्या दक्षिण भागात सरे नावाचा परगणा आहे. तेथील खेड्यांत पूर्वी तांबड्या कौलांची, क्वचित गवताने शाकारलेली, ठेंगणी घरे विपुल होती. काही घरांच्या भिंतींवरही कौले ठोकलेली असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही घरे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. काही पाडली गेली. काहींची ‘सुधारणा’ होऊन त्यांचे मूळ रूप पार पालटले. हेलन ॲलिंगहॅम या चित्रकर्तीने ती आपल्या जलरंगांत जपून ठेवली.

हेलनचा जन्म १८४८ साली झाला. तिचे वडील डॉक्टर होते. १८६२ साली घटसर्पाच्या साथीत ते दगावले, तेव्हा हेलन अवघी तेरा वर्षांची होती. पुढे तिने लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिक्षण घेतले. या शाळेत पहिला प्रवेश मिळविणारी स्त्री म्हणजे हेलनचीच मावशी, लॉरा हरफर्ड. १८६० साली तिने चित्रावर नावाची केवळ आद्याक्षरे घातली होती. परीक्षकांना ते पुरुषाचे काम वाटले!

१८७४ साली विल्यम ॲलिंगहॅम या कवीशी हेलनचा विवाह झाला, आणि १८८१ साली हे कुटुंब सरेमध्ये राहावयास आले. हेलनबाई घरांसमोर उघड्यावर बसून चित्रे काढीत. जलरंग पारदर्शक असतो. त्यात उजेड दाखवावयाचा तो कागदाच्या पांढरेपणानेच. म्हणून त्या कोठे रंग पुसून काढीत, तर कोठे पात्याने हलकेच खरवडीत. १८९० साली रॉयल वॉटरकलर सोसायटीने त्यांना पूर्ण सभासदत्व दिले. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

त्यांच्या चित्रांत ऊन कोवळे असते, बाग फुललेली असते, दारात मूल कडेवर घेतलेली आई उभी असते. प्रत्यक्षात अशा घरांत राहणाऱ्या शेतमजुरांची मजुरी तुटपुंजी होती. खोल्या दाटीच्या आणि ओल धरणाऱ्या होत्या. ते दैन्य या चित्रांत उतरले नाही, हे त्यांतील न्यूनच म्हटले पाहिजे. कौले, धुराडी आणि लाकडी चौकटी मात्र बाईंनी इतक्या बारकाईने रंगविल्या आहेत, की जुन्या घरांचे अभ्यासक आजही ती चित्रे पाहतात. खिडक्यांच्या बाबतीत मात्र त्यांना सावध राहावे लागते. घरमालकाने मोठ्या काचांची नवी खिडकी बसविलेली दिसली, की बाई चित्रात तिच्या जागी लहान लहान काचांची जुनी खिडकी पुन्हा बसवून टाकीत.