मुंबई आणि नाशिक : दोन हवामाने

मुंबई आणि नाशिक ही शहरे रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर अंतरावर आहेत. दोहोंच्या अक्षांशांत जेमतेम एका अंशाचा फरक. म्हणजे सूर्याचा ताप दोघांच्या वाट्यास जवळजवळ सारखाच येतो. असे असूनही मुंबईकरास थंडीचे कापड क्वचितच लागते, आणि नाशिकच्या पूर्वेस गोदाकाठी वसलेल्या सायखेड्याच्या शेतकऱ्यास पौष महिन्यात पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. हे कसे घडते, ते पाहण्याजोगे आहे.

पहिले कारण समुद्र. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाशच निवते. शिवाय मुंबईच्या हवेतील बाष्प रात्री पांघरुणाचे काम करते आणि जमिनीतील उष्णता सहसा निसटू देत नाही. यामुळे तेथे मे महिन्यातही कमाल तापमान सरासरीने ३३-३४ अंशांवर थांबते. मात्र रात्रीही उकाडा सरत नाही. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला, तो आजही नीचांक म्हणून सांगितला जातो.

नाशिकची गोष्ट निराळी. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या प्रदेशात हिवाळ्यातील हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. दिवसा साठलेली उष्णता रात्री सरळ आकाशात निघून जाते, आणि जड झालेली थंड हवा नदीकाठच्या सखल भागात साचते. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात पारा ५ अंशांखाली गेल्याच्या नोंदी अनेक आहेत. गव्हास ही थंडी मानवते. पण द्राक्षांच्या मण्यांची फुगवण तीमुळे थांबते व पक्व मणी तडकतात. शेकोटीचा धूर आणि विहिरीचे कोमट पाणी हेच तेव्हा वर्षाच्या कमाईचे रक्षण करतात.

दुसरे कारण सह्याद्री. नैर्ऋत्येचे वारे या भिंतीवर चढताना निवतात व आपले बहुतेक पाणी तेथेच टाकतात. मुंबईत वर्षाकाठी २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, घाटमाथ्यावरील इगतपुरीस ३००० हून अधिक. नाशिकला मात्र सुमारे ७००, आणि निफाडकडे त्याहूनही कमी.

येथे एक विलक्षण विरोध दिसून येतो. मुंबई बुडते ती स्वतःच्या पावसाने. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सायखेडा बुडतो तो प्रायः दुसऱ्याच्या पावसाने. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून येणारी गोदावरी आणि इगतपुरीकडून येणारी दारणा यांचा संगम गावाच्या वरच्या अंगास होतो. घाटात मुसळधार पाऊस होऊन गंगापूर व दारणा या धरणांतून पाणी सोडले, की गावावरचे आभाळ कोरडे असले तरी पूर येऊ शकतो. २०१६ च्या व २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा आणि पैलतीरावरील चांदोरी या गावांत असेच पाणी शिरले.

सारांश, गावाचे हवामान केवळ त्याच्या डोक्यावरील आकाशावरून ठरत नाही. मुंबईकराने भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, तसे सायखेडेकराने पावसाळ्यात घाटमाथ्याच्या पावसाकडे लक्ष ठेवावे. आपल्या अंगणात कोरडे आहे, एवढ्यावर विसंबून गोठ्यातील जनावरे बांधून ठेवणे नदीकाठी परवडत नाही.