मि. चेंबरलेन यांचा राजीनामा आणि ब्रिटिश लोकमत

ब्रिटनचा मुख्य प्रधान राजीनामा देतो तो राजाला, लोकांना नव्हे. लोकांनीं त्याला मुख्य प्रधान म्हणून निवडलेलेंच नसतें. त्यांनीं आपापल्या मतदारसंघांतून कॉमन्स सभेचे सभासद निवडलेले असतात, आणि त्या सभासदांचा विश्वास ज्याच्यावर, तो मुख्य प्रधान होतो. म्हणूनच सार्वत्रिक निवडणूक न होतांही तेथें मुख्य प्रधान बदलूं शकतो. मतपेटी बंद असतांना ह्या बदलाबद्दल देशाला काय वाटतें, हें मग इतर खुणांवरून ताडावें लागतें. ता. १० मे १९४० रोजीं मि. नेव्हिल चेंबरलेन यांनीं दिलेल्या राजीनाम्यासंबंधीं अशा खुणा विपुल आहेत, आणि मौजेची गोष्ट ही कीं, त्यांतली एक दुसरीशीं सहसा जुळत नाहीं.

ह्या हकीकतीचा आरंभ जयजयकारानें होतो. ता. ३० सप्टेंबर १९३८ रोजीं म्यूनिकहून हिटलरच्या सहीचा कागद घेऊन मि. चेंबरलेन हेस्टनच्या विमानतळावर उतरले, तेव्हां लोकांनीं पावसाची पर्वा न करतां रस्ते फुलवून टाकले होते. राजाराणींनीं त्यांना राजवाड्याच्या सज्जांत आपल्या शेजारीं उभें करून घेतलें. घरोघरून पत्रें आलीं, फुलें आलीं; आणि त्यांची छत्री सर्वांच्या ओळखीची झाली असल्यामुळें लोकांनीं छत्र्याही भेट पाठविल्या. ह्या उत्साहाला आज हंसणें सोपें आहे. परंतु मागच्या महायुद्धांत त्या देशानें सुमारें सात लाख माणसें गमावलीं होतीं. लंडनच्या बागांतून खंदक खणले जात होते, विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे घरोघर वाटले जात होते. आणि अशा वेळीं सत्तरीच्या उंबरठ्यावरील एका गृहस्थानें युद्ध टळल्याची ग्वाही दिली. जिचा मुलगा वीस वर्षांचा होता, त्या आईनें चेकोस्लोव्हाकियाचा नकाशा उघडून पाहिला नाहीं, यांत नवल तें काय? त्या शांततेची किंमत चेक लोकांनीं आपल्या मुलुखानें भरली, आणि तरीही ती टिकली नाहीं. मार्च १९३९ मध्यें हिटलर प्रागमध्यें शिरला. सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें.

युद्धाच्या पहिल्या सात महिन्यांत पश्चिम आघाडीवर फारसें कांहीं घडलें नाहीं. ता. ४ एप्रिल १९४० रोजीं मि. चेंबरलेन यांनीं आपल्या पक्षाच्या सभेंत सांगून टाकलें कीं, हिटलरची बस चुकली. पांचव्याच दिवशीं जर्मन सैन्य डेन्मार्क आणि नॉर्वे या देशांत उतरलें. वर्तमानपत्रांतून कांहीं दिवस आशेच्या वार्ता येत राहिल्या, आणि मे महिना उजाडतांच लोकांना कळलें कीं, मध्य नॉर्वेंतून ब्रिटिश फौज माघारीं आणावी लागली आहे. पराभव लोक सोसतात. पण आदल्या आठवड्यांत विजयाची चाहूल ऐकविल्यानंतर आलेला पराभव त्यांना फसवणुकीसारखा वाटतो. लोकमताच्या पाहणींत एप्रिलपर्यंत निम्म्याहून अधिक लोक मि. चेंबरलेन यांच्या बाजूचे दिसत होते. मे महिन्यांत तें प्रमाण सुमारें एकतृतीयांशावर आलें. ता. ७ मे रोजीं ते कॉमन्स सभेंत आले, तेव्हां विरोधी बाकांवरून ‘बस चुकली!’ असाच गिल्ला झाला. राज्यकर्त्यानें विनोद करूं नये असें नाहीं. परंतु शत्रूच्या वेळापत्रकाविषयीं तो न केलेला बरा.

सात आणि आठ मे या दोन दिवसांच्या चर्चेंत लोकमत सभागृहांत शिरलें तें गणवेश घालून. पोर्ट्समथचे प्रतिनिधि सर रॉजर कीज हे आरमाराच्या सर्वोच्च हुद्द्याचा पोषाख चढवून, छातीवर पदकें लावून आले, आणि लढणाऱ्या आरमारांतील अधिकारी व खलाशी यांच्या वतीनें आपण बोलत आहों असें त्यांनीं सांगितलें. मि. लिओ अ‍ॅमरी तर मि. चेंबरलेन यांच्याच हुजूरपक्षाचे आणि त्यांच्याच बर्मिंगहॅम शहराचे प्रतिनिधि. क्रॉमवेलनें सुमारें तीनशें वर्षांपूर्वीं पार्लमेंटला उद्देशून काढलेले उद्गार त्यांनीं आपल्या पुढाऱ्याला ऐकविले: ईश्वरासाठीं आतां चालते व्हा. मतें मोजण्यांत आलीं तेव्हां सरकारच्या बाजूनें २८१ आणि विरुद्ध २०० पडलीं. सरकार जिंकलें, आणि त्या जिंकण्यानेंच तें कोसळलें. कारण एरव्हीं दोनशेंवर असणारें मताधिक्य ८१ वर घसरलें होतें. सरकारच्या नेहमींच्या पाठीराख्यांपैकीं ४१ जण विरुद्ध गेले होते; आणखी पुष्कळांनीं मतच दिलें नव्हतें. विरुद्ध मत देणाऱ्या हुजूरपक्षीयांत सैन्यांत दाखल झालेले तरुण सभासद होते. मतदारांना काय वाटतें हें विचारण्यासाठीं त्यांना आपल्या मतदारसंघांत जाण्याची गरज नव्हती. छावणींतल्या जेवणाच्या टेबलावर तें त्यांना रोज ऐकूं येत होतें.

ता. १० च्या पहाटे जर्मन सैन्य हॉलंड आणि बेल्जममध्यें घुसलें. अशा प्रसंगीं आपण जागा सोडूं नये असें मि. चेंबरलेन यांना क्षणभर वाटलें; उलट अशा प्रसंगींच ती सोडली पाहिजे असें त्यांचे निकटचे सहकारी सर किंग्स्ली वुड यांनीं त्यांना सांगितलें. दुपारीं बोर्नमथहून मजूर पक्षाचा निरोप आला कीं, पक्ष संयुक्त सरकारांत येईल, पण दुसऱ्या मुख्य प्रधानाच्या हाताखालीं. राजा सहावा जॉर्ज याच्या मनांत लॉर्ड हॅलिफॅक्स होते. मि. चेंबरलेन यांच्या सल्ल्यावरून बोलावणें गेलें तें मि. चर्चिल यांना.

रात्रीं नऊ वाजतां मि. चेंबरलेन यांनीं स्वतःच नभोवाणीवरून आपण गेल्याची वार्ता दिली आणि नव्या प्रधानाच्या पाठीशीं उभें राहण्याची लोकांना विनंति केली. राजीनाम्याची बातमी वर्तमानपत्रांतून येते तेव्हां तिच्याबरोबर संपादकाचें मत येतें. येथें घराच्या दिवाणखान्यांत आला तो खुद्द त्या माणसाचा थकलेला आवाज. राजकन्या एलिझाबेथ त्या वेळीं चौदा वर्षांची होती. तें भाषण ऐकून ती रडली, असें तिच्या आईनें, म्हणजे राणीनें, मि. चेंबरलेन यांना पत्रानें कळविलें. सोमवारीं, ता. १३ रोजीं, याहून चमत्कारिक दृश्य दिसलें. मि. चेंबरलेन सभागृहांत शिरतांच हुजूरपक्षाच्या बाकांवरून त्यांचा मोठा जयघोष झाला. मि. चर्चिल आले तेव्हां तींच बाकें जवळजवळ थंड होतीं. रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज देण्यासारखें आपल्याजवळ कांहीं नाहीं, हें त्यांचें पुढें जगप्रसिद्ध झालेलें भाषण त्याच दिवशींचें. त्याला आपल्या पक्षापेक्षां मजूर पक्षाकडूनच अधिक उघड साद मिळाली.

बाहेर मात्र वारा वेगळा होता. डंकर्कहून फौज कशीबशी परत आली, आणि लोकांचा राग खऱ्या अर्थानें पेटला तो राजीनाम्यानंतर. मि. चेंबरलेन नव्या युद्धमंत्रिमंडळांत होते आणि पक्षाचे पुढारीही तेच होते. त्यांना काढा, अशी ओरड वर्तमानपत्रांतून सुरू झाली. जुलैमध्यें ‘गिल्टी मेन’ हें छोटें पुस्तक ‘केटो’ या टोपणनांवानें निघालें. त्याच्या तिघां लेखकांपैकीं मायकेल फुट हे पुढें मजूर पक्षाचे नेते झाले. मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनीं तें ठेवण्याचें नाकारलें, तेव्हां तें रस्त्यावर हातगाड्यांवरून विकलें गेलें आणि धडाक्यानें खपलें. शस्त्रसज्जतेंतील ढिलाईचा दोष त्यांत पंधरा जणांच्या माथीं मारला होता. ह्या आरोपांत तथ्य पुष्कळ होतें. परंतु पुस्तक खपण्याचें आणखीही एक कारण असावें: म्यूनिकनंतर छत्र्या भेट पाठविणाऱ्यांना ती यादी वाचतांना तींत आपलें नांव नाहीं, हें समाधान मिळत होतें.

आणि न्याय काटेकोर होता असेंही नाहीं. नॉर्वेच्या मोहिमेची जबाबदारी वांटावयाची झाल्यास तिचा मोठा भाग आरमारमंत्री मि. चर्चिल यांच्या वांट्यास येतो. पण जुलैच्या पाहणींत शंभरांपैकीं ८८ लोक त्यांच्या बाजूनें होते. लोकांनीं नॉर्वेचा हिशेब मांडलाच नाहीं. युद्ध टाळूं पाहणारा कोण आणि युद्ध येणार असें वर्षानुवर्षें सांगणारा कोण, एवढेंच त्यांनीं पाहिलें.

ह्या सत्तांतराचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत आला. लोकांस न विचारतां हा देश युद्धांत ओढला गेला, म्हणून मुंबईच्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनीं १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले होते. आतां भारतमंत्री झाले ते मि. अ‍ॅमरी, ज्यांचा जन्म गोरखपूरचा. लोकांचा विश्वास गमावलेल्या सरकारला चालतें व्हा म्हणणारा हा गृहस्थ दिल्लीच्या सरकाराविषयीं तसेंच म्हणेल अशी आशा कोणी केली असल्यास ती फोल ठरली. ८ ऑगस्ट १९४० ची सरकारी घोषणा युद्धानंतरच्या वायद्यावर थांबली. काँग्रेसनें ती नाकारली, आणि १७ ऑक्टोबरला वर्ध्याजवळच्या पवनार येथें विनोबा भावे यांनीं वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला.

त्याच ऑक्टोबरांत मि. चेंबरलेन यांनीं आजारामुळें मंत्रिपद आणि पक्षाचें नेतृत्व दोन्ही सोडलीं. त्यांना आंतड्याचा कर्करोग झाला होता. ता. ९ नोव्हेंबर रोजीं ते वारले. तीन दिवसांनीं मि. चर्चिल यांनीं कॉमन्स सभेंत त्यांच्या सद्धेतूची आणि शांततेच्या तळमळीची आदरानें आठवण केली. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें अंत्यविधि झाला. लंडनवर बाँब पडत होते, म्हणून त्याची वेळ आणि जागा गुप्त ठेवण्यांत आली होती. हेस्टनच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या गर्दीला ह्या वेळीं कोठें आणि केव्हां जमावें, हें कोणी कळविलेंच नाहीं.