अस्वलाला दादा कोण करतं?

माझ्या टेबलावर सध्या एका चित्रपुस्तकाची डमी आहे. 24 पानांचं पुस्तक, पान 10-11 वर पसरलेला आठवडी बाजार. चित्र देखणं आहे. पेन्सिल घेऊन मी त्यातली माणसं मोजली. 22 पुरुष आणि मुलगे, 7 बायका आणि मुली. सातांपैकी चौघी भाजी घेताहेत, दोघींच्या कडेवर मूल आहे आणि एक चिमुरडी आईचा पदर धरून उभी आहे. आठवडी बाजारात एकदा तरी गेलेल्या माणसाला ठाऊक असतं, की भाजीच्या पाट्या, मडकी, सुकी मासळी घेऊन बसलेल्या पुष्कळशा बायकाच असतात. चित्रात विकणारी एकही नाही.

गोष्ट लिहिणारी बाई आहे, चित्र काढणारी बाई आहे आणि संपादक मी. तिघींच्या हातून हे झालं आणि तिघींनाही खटकलं नाही. म्हणूनच ते कसं झालं हे सावकाश उलगडून बघायला हवं.

सुरुवात शब्दांपासून होते. हस्तलिखितात या पानासाठी चार ओळी आहेत: विक्रेते ओरडत होते, फुगेवाला उभा होता, कोपऱ्यात चांभार बसला होता, एक भाजीवाली होती. चित्रकाराच्या हातात जाताना हा मजकूर म्हणजे एक यादी असते. 'विक्रेते ओरडत होते' वाचलं की डोळ्यांपुढे पुरुष येतात, कारण क्रियापद तसं सांगतं. फुगेवाला तर फुगेवालाच. यादीत एकच बाई होती, भाजीवाली, आणि जागा कमी पडली म्हणून तिचं झालं गिऱ्हाईक.

मग येतो चित्र काढणारा हात. लहान आकाराचं माणूस पटकन काढायचं तर आपण काय काढतो? एक गोल डोकं, धड, हात, पाय. झाला पुरुष. बाई काढायची तर त्यावर काहीतरी चढवावं लागतं: साडी, अंबाडा, वेणी, टिकली, बांगड्या. गर्दीच्या मागच्या रांगेतली माणसं शेवटी आणि घाईत काढली जातात, आणि घाईत कुणी अंबाडे काढत बसत नाही. त्यामुळे मागची अख्खी रांग पुरुषांची होते. चित्रकाराच्या मनात वाईट काहीच नसतं. साधं माणूस म्हणजे पुरुष आणि बाई म्हणजे माणूस अधिक दागिने, हा हिशेब तिच्या बोटांत शाळेपासून बसलेला असतो.

प्राण्यांच्या गोष्टीत हेच आणखी खोलवर जातं, आणि इथे मराठीची गंमत फार बारकाईने बघण्यासारखी आहे. वाघ, सिंह, कोल्हा, ससा पुल्लिंगी. चिमणी, खार, मुंगी, साळुंकी स्त्रीलिंगी. म्हणजे पात्राचं लिंग लेखक ठरवायच्या आधी व्याकरणच ठरवून मोकळं होतं. मग त्या लिंगाला साजेसं काम येतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत दार ठोठावणारा कावळा बाहेर पावसात भिजतो आणि चिऊ आत बाळाचं सगळं करत असते. बाळाची आई होणं हे तिच्या 'ती' असण्यातूनच जणू ओघाने आलं.

पण मराठीत नपुंसकलिंगही आहे. अस्वल, माकड, कासव, हरीण, मांजर, फुलपाखरू: ही सगळी 'ते'. किती मोकळी जागा आहे ही! अस्वल मध शोधायला निघालं, एवढंच लिहिलं तर ऐकणारी मुलगी आणि ऐकणारा मुलगा दोघंही त्या अस्वलात शिरू शकतात. आपण मात्र ती जागा नात्याच्या शब्दाने बुजवून टाकतो. अस्वलदादा, माकडदादा, कासवदादा. मोठ्या, शहाण्या किंवा रुबाबदार प्राण्याला दादा, भाऊ, नाहीतर 'बा': वाघोबा, कोल्होबा. चिमुकल्या, नाजूक प्राण्याला ताई: चिऊताई, खारूताई. मगर, घार आणि घोरपड व्याकरणाने स्त्रीलिंगी आणि तिन्ही चांगल्या दणकट; पण मगरताई किंवा घारताई माझ्या तरी वाचनात कधी आली नाही.

हे फक्त मराठीचं दुखणं नाही. 1987 साली अमेरिकेत ज्युडी डेलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आया मुलांना चित्रपुस्तकं दाखवताना काय बोलतात ते टिपलं. ज्या प्राण्यांवरून नर की मादी काहीच कळत नव्हतं, त्यांच्यापैकी 95 टक्क्यांना आयांनी 'तो' म्हटलं. पुस्तकाने मोकळं सोडलं होतं, ते घरातल्या आवाजाने भरलं.

आणि पुस्तकांनी तरी कुठे मोकळं सोडलं होतं? तिकडे चित्रपुस्तकांना 1938 पासून कॅल्डेकॉट पदक दिलं जातं. लेनोर वाइट्समन आणि सहकाऱ्यांनी 1972 साली त्याआधीच्या पाच वर्षांतली पदकविजेती आणि उपविजेती पुस्तकं घेतली आणि सरळ चित्रं मोजली. पुरुषांची आणि मुलग्यांची 261, बायका-मुलींची 23. नर-मादी ओळखता येतील अशा प्राण्यांत तर हे प्रमाण 95 ला 1 होतं. वाचनालयांच्या शिफारशीने शाळाशाळांत पोचणारी ही पुस्तकं होती. पुढे 2011 साली जॅनिस मॅकेब यांच्या गटाने 1900 ते 2000 या शतकातली 5,618 पुस्तकं तपासली. सरासरीने वर्षाला 57 टक्के पुस्तकांत मध्यवर्ती पात्र पुरुष किंवा मुलगा होतं, 31 टक्क्यांत बाई किंवा मुलगी. काळ पुढे सरकला म्हणून आकडे आपोआप सरळ वर गेले असंही नाही: शतकाच्या मधल्या दशकांत तफावत उलट जास्त होती.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांचा हा धंदा उभा केला तो बायकांनी. 1919 मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने मुलांच्या पुस्तकांचा स्वतंत्र विभाग काढला, तो लुईझ सीमन यांच्या हाती दिला. थोड्याच वर्षांत डबलडेने तसाच विभाग मे मॅसी यांच्याकडे सोपवला. मुलांच्या ग्रंथपालही बहुतांशी बायकाच. मुलांचं म्हणजे बायकांचं, असं समजून ही खोली त्यांना उघडून दिली गेली होती. त्याच ग्रंथपालांच्या संघटनेने 1922 पासून मुलांच्या पुस्तकांसाठी न्यूबेरी पदक द्यायला सुरुवात केली आणि पहिली आठ वर्षं ते पुरुष लेखकांना गेलं. (1928 चं पदक आपल्या बंगालच्या धनगोपाल मुखर्जींना मिळालं, एका पारव्याच्या गोष्टीसाठी.) पहिली लेखिका आली 1930 साली, रेचल फील्ड. हार्पर या प्रकाशनसंस्थेचा मुलांचा विभाग अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी 1940 पासून 1973 पर्यंत सांभाळला. मॉरिस सेंडाकसारखा चित्रकार त्यांनी घडवला. त्या संस्थेत उपाध्यक्षपद मिळालेली पहिली बाई त्याच होत्या, पण ते पद यायला 1960 उजाडलं.

आता मुखपृष्ठ. तिथे एक जुना समज काम करतो: मुली मुलग्यांची पुस्तकं वाचतात, मुलगे मुलींची वाचत नाहीत. दोघांना विकायचं असेल तर नायक मुलगा ठेवा आणि लेखिकेचं नाव झाका. सुझन एलॉइज हिंटन यांची पहिली कादंबरी 1967 मध्ये एस. ई. हिंटन या नावाने आली. तीस वर्षांनी, 1997 मध्ये, जोआन रोलिंग यांना प्रकाशकाने आद्याक्षरं वापरायला सांगितली. दुसरं अक्षर नव्हतंच म्हणून त्यांनी आजीचं, कॅथलीनचं, 'के' घेतलं. मुलगे मुलींची पुस्तकं वाचत नाहीत हे ठरवतं कोण? ती त्यांच्या हातात ठेवली तर कळेल ना.

मराठीत आद्याक्षरांनी फार झाकलं जात नाही. गोष्ट 'मी'ने सुरू झाली की 'मी गेलो' की 'मी गेले' हे पहिल्याच वाक्यात उघड होतं. गोट्या, फास्टर फेणे, बोक्या सातबंडे या तिघा बालनायकांवर मी मनापासून प्रेम केलं आणि आजही करते. फक्त झाडावर चढताना, चोराच्या मागे धावताना मी कायम 'गेलो' होऊन वाचत राहिले. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घरी आलं तेव्हा माझ्या भाचीला असं रूप बदलावं लागलं नाही. बालभारतीनेही 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले. ते एक चित्र राज्यभरातल्या वर्गांत गेलं.

मी स्वतःही चित्रं काढते, म्हणून मानधनाबद्दल एवढंच सांगते. बरीच वर्षं मी चित्रं केली ती एकरकमी पैशांवर. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, मला कळल्या त्या दुकानात. विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'तुम्ही काय, घरबसल्या करता.' त्याच संस्थेतल्या पुरुष चित्रकारांनाही घरातच टेबल होतं. त्यांच्या टेबलाला स्टुडिओ म्हणत. तेव्हापासून करारात आवृत्तीचा आकडा लिहिल्याशिवाय मी रेघ मारत नाही आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलींनाही मारू देत नाही.

तर पान 10-11. चित्रकाराला मी नुसतं 'बायका वाढव' असं सांगितलं नाही. तसं सांगितलं की गिऱ्हाइकं वाढतात. नवी यादी लिहून दिली: मडकी विकणारी आजी, तराजू धरलेली बाई, टेम्पोतून पोती उतरवणारे दोघं, त्यात एक तरुणी, फुगेवाल्याकडे हट्ट करणारी बहीण आणि तिला आवरणारा भाऊ, मूल कडेवर घेतलेला बाप. मागच्या रांगेसाठी वेगळी सूचना: आधी निम्म्या बायका काढ, मग बाकीचे. लेखिकेने 'विक्रेते ओरडत होते'चं 'बाजार नुसता गजबजला होता' केलं. 'बाजार' पुल्लिंगी असला तरी त्याने कुणाची जागा अडवली नाही.

हे घरीही करता येतं. पाकिटाच्या मागे चार रकाने आखा: कोण आहे, काय करतंय, बोलतंय का, घरात आहे की बाहेर. एका पुस्तकाला दहा मिनिटं लागतात. आणि वाचून दाखवताना अस्वलाला अस्वलच राहू द्या. माझ्या भाचीने गेल्या आठवड्यात चौथ्या पानावर मला थांबवलं आणि सांगितलं की या अस्वलाचं नाव सुनंदा आहे, तिला झाडावर चढता येतं आणि मध तिला एकटीलाच हवाय.