वर्ध्याचा संवाद आणि जबाबदार पालकत्व

नागपूरहून वर्धा अवघे ७५ किलोमीटर. विवाह, संतती आणि संयम यांविषयी विसाव्या शतकात झालेला एक महत्त्वाचा संवाद याच गावी झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डिसेंबर १९३५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील मार्गारेट सँगर महात्मा गांधींना भेटण्यासाठी वर्ध्याला आल्या. गांधीजींचा मुक्काम त्या वेळी मगनवाडीत होता.

सँगर या व्यवसायाने परिचारिका. त्यांचा जन्म आयरिश कॅथलिक कुटुंबातला. अकरा मुलांना जन्म दिलेली त्यांची आई क्षयाने अकाली मरण पावली. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत काम करताना वारंवारच्या बाळंतपणांनी खचलेल्या स्त्रिया त्यांनी पाहिल्या आणि १९१६ मध्ये ब्रुकलिन येथे संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यासाठी त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. त्यांची सुप्रजननविषयक काही मते आज स्वीकारण्याजोगी नाहीत. परंतु त्यांनी पाहिलेले दुःख खरे होते.

संवादात दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते : मातृत्व स्त्रीवर लादले जाऊ नये. मतभेद होता तो मार्गाविषयी. पतीला नकार देण्याचे बळ स्त्रीच्या अंगी यावे, कृत्रिम साधनांमुळे संयमच नाहीसा होईल आणि स्त्री केवळ उपभोगाची वस्तू बनेल, असे गांधीजींचे म्हणणे होते. सर्वसामान्य जोडप्यांना वर्षानुवर्षे असा संयम कसा पाळता येईल, हा सँगर यांचा प्रश्न होता. अखेरीस, महिन्यातील ‘सुरक्षित काळा’पुरता संबंध ठेवण्याच्या पद्धतीत निदान संयमाचा अंश आहे, असे गांधीजींनी मान्य केले. महादेव देसाई यांनी या संवादाचा वृत्तान्त जानेवारी १९३६ मध्ये ‘हरिजन’ पत्रात दिला.

महाराष्ट्रातील आरंभ

सँगर येण्यापूर्वीच महाराष्ट्रात हा विषय गाजत होता. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथराव हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी पदरमोड करून चालविले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांपैकी एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. रघुनाथरावांची धर्म व नीती यांविषयीची मते आपणांस मान्य होणार नाहीत. तथापि ज्या विषयावर समाज बोलण्यास लाजत होता, त्यावर त्यांनी किंमत मोजून बोलण्याचे धैर्य दाखविले, हे मान्य केले पाहिजे.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९३० पर्यंत बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथांचा कृत्रिम साधनांना विरोध होता. त्या वर्षी अँग्लिकन धर्माध्यक्षांच्या लॅम्बेथ परिषदेने मर्यादित परिस्थितीत त्यांस मुभा दिली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजी पोप पायस अकरावे यांनी ‘कास्ती कोनुबी’ या विश्वपत्राद्वारे कॅथलिक ख्रिस्तसभेची जुनी शिकवण पुन्हा स्पष्ट केली. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी इटलीतील सुइणींपुढे भाषण करताना, गंभीर कारण असल्यास दांपत्याने निसर्गतः अफलनक्षम असलेल्या दिवसांचा उपयोग करणे योग्य ठरते, असे सांगितले.

गर्भनिरोधक गोळी आल्यावर प्रश्न नव्याने उभा राहिला. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये अभ्यास आयोग नेमला; पोप पॉल सहावे यांनी त्याचा विस्तार केला. आयोगातील बहुसंख्य सदस्यांचा कल शिकवणीत बदल करण्याकडे होता. तरीही २५ जुलै १९६८ ही तारीख असलेल्या ‘हुमाने वीते’ या विश्वपत्रात पोप महोदयांनी निर्णय दिला की, दांपत्यसंबंधातील प्रेमाचे ऐक्य आणि जीवनदान हे दोन अर्थ हेतुपुरस्सर विलग करता येत नाहीत. या निर्णयावरून तेव्हा मोठी चर्चा झाली. अनेक कॅथलिक दांपत्यांना ही शिकवण आजही कठीण वाटते, हे लपविण्यात अर्थ नाही.

परंतु ‘ख्रिस्तसभेला वाटेल तितकी मुले हवी आहेत’ हा समज मात्र चुकीचा आहे. किती मुले असावीत हे ईश्वरासमोर, जागृत विवेकाने, पती-पत्नीनेच ठरवावयाचे आहे, असे द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये म्हटले. यालाच ‘जबाबदार पालकत्व’ म्हणतात.

नैसर्गिक पद्धती कशी चालते?

स्त्रीबीज पुढील मासिक पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडते व सुमारे एक दिवसच जिवंत राहते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून प्रत्येक चक्रात गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस सुमारे सहाच असतात. ओगिनो व क्नाउस या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात दिवस मोजण्याची पद्धती मांडली. पाळी अनियमित असल्यास ही मोजणी चुकते. त्यानंतर मेलबर्नचे डॉ. जॉन व डॉ. एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने गर्भाशयमुखातील स्रावाच्या निरीक्षणावर आधारित पद्धती विकसित केली. स्राव ओलसर, पातळ व निसरडा झाला की तो फलनक्षम काळ समजावा. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर शरीराचे तापमानही किंचित वाढते. ही निरीक्षणे प्रशिक्षित व्यक्तीकडून नीट शिकून घ्यावी लागतात. ऐकीव माहितीवर विसंबल्यास फसगत होते.

हा धडा आपल्या देशाने आरंभीच घेतला. १९५२ मध्ये शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेणारा भारत हा पहिला देश. त्या वेळच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या व गांधीजींच्या निकट सहकारी. त्यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरक्षित काळाच्या पद्धतीचा प्रयोग झाला. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. पण पतीची साथ व सातत्यपूर्ण शिक्षण यांवाचून केवळ माळेने काय साधणार? प्रयोगास फारसे यश आले नाही.

सक्तीचा काळ

पुढे कार्यक्रमाचा भर तांबी, निरोध व शस्त्रक्रियांकडे वळला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील कित्येक दडपणाखाली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये संमत केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. शासनसंस्था अशी साधने जनतेवर लादू शकतील, असा इशारा ‘हुमाने वीते’ने आठ वर्षे आधीच दिला होता. पुरुषाचा पत्नीविषयीचा आदर कमी होईल, ही त्यातील भीती तर गांधीजींनी वर्ध्यात बोलून दाखविलेल्या भीतीसारखीच आहे.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पतीची नसबंदी झालेल्या स्त्रिया केवळ ०.३ टक्के आहेत. साधने बदलली, ओझे मात्र स्त्रीच्याच खांद्यावर राहिले. सँगर यांचा प्रश्न आणि गांधीजींचे उत्तर, दोन्ही आपल्या घरांत अजून अपुरेच आहेत.

नैसर्गिक पद्धती पाळावयाची तर पतीला पत्नीचे शरीर समजून घ्यावे लागते, तिच्याशी बोलावे लागते आणि काही दिवस स्वतः थांबावे लागते. हीच तिची अडचण आणि हेच तिचे सामर्थ्य. म्हणून विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुणांनी हा विषय ‘बायकांचा’ म्हणून सोडून देऊ नये. शंका असल्यास आपल्या धर्मगुरूंशी व डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. आणि त्याहीआधी पती-पत्नींनी, प्रार्थनापूर्वक, एकमेकांशी बोलावे.