काचेच्या वारुळाची पाच वर्षं

आमच्या घरात मुंग्यांचा आणि पितळी वाट्यांचा संबंध जुना. दुधातुपाच्या फडताळाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे असायचे, म्हणजे मुंगी वर चढायची नाही. फ्रिज आला आणि त्या वाट्या माळ्यावर गेल्या. २०१९ च्या जुलैत मी त्यांतल्या तीन खाली काढल्या. आता मुंग्या घरात राखायच्या होत्या. तिवईचे तीन पाय तीन वाट्यांत, तिवईवर मुंग्या, आणि भोवती पाणी. सासूबाईंनी वाट्या चिंच लावून घासून दिल्या. कशाला, म्हणून विचारलं नाही.

शिंदे घाटाच्या पायऱ्या चढून संकटादेवीच्या बाजूला वळलं की आमची गल्ली. काशीतली मराठी घरं जास्त करून पुढे, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा या भागात. आम्ही थोडे अलीकडे राहिलो. दुसऱ्या अंगाला मणिकर्णिका इतकी जवळ, की वारा फिरला की गच्चीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागतात. मुंग्या आल्या तेव्हा थोरली दहाची होती, धाकटा सहाचा. थोरलीच्या तीन वह्या आज माझ्यापुढे आहेत. पहिल्या वहीतली अक्षरं टपोरी, तिसऱ्या वहीत नुसत्या तारखा.

सुरुवात चुकीची झाली होती. त्याच उन्हाळ्यात एका नातेवाइकांनी परदेशातून निळ्या जेलीचा पारदर्शक डबा आणला. जेलीतच पाणी, जेलीतच अन्न. आपण फक्त मुंग्या सोडायच्या आणि बोगदे बघायचे. मुलांनी गच्चीवरचे वीस मुंगळे पकडून सोडले. बोगदे झाले, रात्री दिव्यावर धरले की फार सुंदर दिसायचे. पण धाकटा रोज सकाळी मुंगळे मोजायचा आणि आकडा रोज खाली यायचा. तिसऱ्या आठवड्यात तो मोजायचा थांबला.

या जेलीला अंतराळाचा इतिहास आहे. २००३ च्या जानेवारीत कल्पना चावला ज्या कोलंबिया यानातून गेल्या, त्याच यानात अमेरिकेतल्या सिरॅक्यूज गावच्या शाळकरी मुलांचा एक प्रयोग होता: गुरुत्वाकर्षण जाणवत नसताना मुंग्या बोगदे कसे खणतात. माती तिथे चालणार नव्हती, म्हणून जेल. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा थोरलीनं विचारलं, "म्हणजे मुंग्यापण?" हो, मुंग्यापण.

काचेत मुंग्या बघण्याची हौस त्याहून कितीतरी जुनी. इंग्लंडात जॉन लबक काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून मुंग्या पाळत होते. त्यांचं मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचं पुस्तक १८८२ चं. फ्रान्सचे शार्ल झाने यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात उभं वारूळ मांडलं. मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात ते आलं १९५६ साली, मिल्टन लेव्हाइन या अमेरिकन माणसामुळे. त्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यासाठी मुंग्या टपालानं घरी यायच्या, पण राणीशिवाय. लबक यांच्याकडे राणी होती, आणि त्यांची एक राणी तेरा वर्षांहून जास्त काळ त्यांच्या काचेत जगली. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. राणी नसलेल्या डब्यात फक्त शेवट असतो. ज्या वयात मूल रोज उठून मोजतं, त्या वयात त्याच्या हातात उतरणारा आकडा देऊ नये. ही भेट कुणी कुणाला देत असेल तर मी आजही अडवते.

तेव्हा राणी हवी. ती दुकानात मिळत नाही, आकाशातून येते. जुलैतल्या मोठ्या सरींनंतर संध्याकाळी घाटावरच्या दिव्यांभोवती पंखवाले मुंगळे दिसले. "मुंगीला पंख फुटले, म्हणजे मरण जवळ आलं," सासूबाई म्हणाल्या. हे खरं आहे, पण अर्ध्यांच्या बाबतीत. नर मीलनानंतर मरतात. राण्या खाली उतरतात, स्वतःचे पंख स्वतःच उतरवून टाकतात आणि जागा शोधत चालू लागतात. अशी एक पंख टाकलेली, जाड पोटाची राणी थोरलीला ९ जुलैला घाटाच्या भिंतीपाशी सापडली. पाणी चढायला लागलं होतं, खालच्या पायऱ्या गेल्या होत्या. आमच्याकडचा हा मोठा काळा मुंगळा. काही घरांत याला डोंगळा म्हणतात, आणि आमच्या गल्लीत चींटा.

तिला काचेच्या परीक्षानळीत ठेवलं: तळाशी पाणी, मग कापसाचा घट्ट बोळा, मग ती, मग तोंडाला पुन्हा कापूस. नळी फडताळात, अंधारात. आणि मग काहीही करायचं नाही. मुलांना हे फार जड गेलं. राणी या काळात खात नाही. उडण्यासाठी जे स्नायू होते ते आता लागणार नाहीत; ते विरघळतात आणि त्यांच्यावर ती स्वतः जगते आणि पहिली पिल्लंही वाढवते. धाकट्याला हे पटेना. साखरेचा दाणा घेऊन तो फडताळापाशी उभा राहायचा. शेवटी ठरलं, फक्त रविवारी बघायचं. वहीत रविवारांची रांग आहे. अंडी. अंडी जास्त. "एक हलतंय, अळी." मग तपकिरी कोष. लोक ज्यांना मुंगीची अंडी म्हणतात, ती तोंडात धरून नेलेली पांढरी पुडकी बहुतेक वेळा हे कोषच असतात. खरं अंडं डोळ्यांना जेमतेम दिसतं. २० ऑगस्टला, बेचाळिसाव्या दिवशी, पहिला कामकरी मुंगळा बाहेर आला. नेहमीच्या मुंगळ्याच्या निम्मा, फिकट, पायांवर नीट उभा न राहणारा. धाकट्यानं साखरेचा दाणा अजून जपून ठेवला होता. त्या दिवशी तो पाण्यात विरघळवून दिला.

"आई, राणीचं ऐकतं कोण?" हा त्याचा प्रश्न त्यानंतर बरेच दिवस चालला. राणी शब्दामुळे होणारी ही चूक मोठ्यांचीही होते. आमचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. कागलच्या घाटग्यांची लेक, दौलतराव शिंद्यांची पत्नी, आणि १८२७ पासून त्यांच्या मागे ग्वाल्हेरचा कारभार पाहणारी बाई. त्यांनी सांगितलं आणि दगड आले. मुंग्यांची राणी कुणाला काहीच सांगत नाही. माती कुठे टाकायची, अळ्या कुठल्या खोलीत न्यायच्या, हे कामकरी एकमेकींच्या वासावरून आणि स्पर्शावरून ठरवतात. त्या सगळ्या माद्या, हे ऐकून थोरलीनं पहिल्या वहीतला प्रत्येक "तो" खोडून "ती" केलं. पानं त्यामुळे गिचमिड झाली आहेत. मला त्या वहीतलं तेच सगळ्यात आवडतं. सवयीनं मुंगळा म्हणते, पण लिहिताना मीही आता ती म्हणते.

दसऱ्यानंतर त्या नऊजणी झाल्या आणि काचेचं घर केलं. फोटोफ्रेमवाल्याकडून दोन काचा, मध्ये अंगठ्याएवढी फट. पलीकडच्या तीरावरून नावेतून रेती आणली, स्वच्छ, चाळलेली. तीन दिवसांत सुंदर भुयार झालं आणि चौथ्या दिवशी वरची सगळी रेती खाली बसली. राणी नळीतच होती म्हणून वाचली. त्या दिवशी सासूबाईंनी मुलांना घाटाची गोष्ट सांगितली: बायजाबाईंचं बांधकाम इतकं जड झालं की ते नदीकडे खचलं आणि पुढे शिंद्यांना घाट पुन्हा बांधावा लागला. दुसऱ्या खेपेला थोरलीनं पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर राहतो तो गाळ आणला, वाळवून कुटला आणि रेतीत मिसळला. रेतीनं पाणी निचरतं, गाळानं भिंत धरते. किती गाळ, किती रेती, यासाठी तिनं वाट्यांत पाच मिश्रणं करून काडीनं भोकं पाडून पाहिली. ते घर शेवटपर्यंत खचलं नाही. काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावला. मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यांच्या लेखी अंधार, आणि आपल्याला मात्र सगळं दिसतं.

खाण्याचा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात अवघड होता. साखरपाणी, मध ठीक. पण अळ्यांना मांस लागतं. अंडं घरात येणं शक्य नव्हतं. दिवाळीच्या आसपास काशीत दिव्यांवर हिरव्या तुडतुड्यांचा पाऊस पडतो, सकाळी व्हरांड्यात त्यांचा सडा असतो. सासूबाईच म्हणाल्या, "मेलेलेच आहेत ना, मग द्या." तेव्हापासून केरसुणीखालचे किडे मुंग्यांचे झाले. घाटाच्या भिंतीत उगवलेल्या रुईवर मुलांना मुंगळे माव्याच्या पिवळ्या किड्यांशी लगट करताना दिसले. मावा झाडाचा रस पितो, त्याच्या अंगातून गोड थेंब येतो, तो मुंगळे टिपतात. बनारसच्या मुलांना मावा म्हणजे खवा. आपल्या भाषेत मावा म्हणजे मुंग्यांची मिठाई देणारा किडा, याचा दोघांना झालेला आनंद मला अजून आठवतो. मराठी शब्द घरात असा अचानक खरा होतो तेव्हा परगावी राहणाऱ्या आईला फार बरं वाटतं.

थोरलीला वाटत होतं, मुंग्यांचा अभ्यास सगळा साहेबाच्या देशात झाला. मग तिला सांगितलं की मुंबई इलाख्यातले एक जंगल अधिकारी, रॉटन, पुण्याकडच्या मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या फोरेल यांना पाठवत असत, आणि १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपल्याकडच्या मुंग्यांवर लेख लिहिले. कलकत्त्याच्या बसू विज्ञान मंदिरात गोपालचंद्र भट्टाचार्य यांनी झाडावर पानं शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्यांचा अभ्यास केला. वहीच्या मागच्या पानावर तिनं ही नावं लिहून ठेवली.

२०२० च्या मार्चनंतर घाट रिकामा झाला. शाळा मोबाईलवर गेली आणि दिवसाचे चार तास मुलं तिवईपाशी. दुसरी वही सगळी त्या वर्षाची, आकड्यांची: ३१, ४४, ६०. मग मोजणं अशक्य झालं.

आणि मग २०२१ चा एप्रिल. मणिकर्णिकेच्या शेजारी जन्मलेल्या मुलांना अंत्ययात्रा नवी नसते. गल्लीतून जाणारा घोष त्यांच्या झोपेतही असतो. पण त्या एप्रिलात तो थांबतच नव्हता. आम्ही नदीकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि तिवई आतल्या खोलीत हलवली. काचेच्या घरात डावीकडे वर एक कोपरा होता, राणीपासून सगळ्यात लांब. मेलेल्या मुंग्या तिथे नेऊन टाकल्या जायच्या. धाकट्यानं त्याला वर्षभर आधीच मणिकर्णिका नाव दिलं होतं आणि घरात ते रुळलंही होतं. त्या महिन्यात त्यानं ते म्हणणं सोडलं. नुसतं "तिकडे" म्हणायला लागला.

एका रात्री त्यानं विचारलं, मेली हे त्यांना कसं कळतं. मी वाचलेलं सांगितलं. १९५८ मध्ये एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्या मुंग्या मेलेली मुंगी वासावरून ओळखत. मेल्यावर एक-दोन दिवस ती तशीच पडून राहते, कुणी लक्ष देत नाही. मग तिच्या शरीरात ओलेइक आम्ल तयार होतं आणि त्या वासानं तिला उचलून नेतात. विल्सननी ते आम्ल जिवंत मुंगीला लावलं. तिलाही उचलून नेलं, पाय झाडत होती तरी.

"मग?"

मग ती तिथे बसून स्वतःला चाटत राहिली, वास गेला, आणि परत आली.

त्यानं ही गोष्ट मला त्या आठवड्यात रोज सांगायला लावली. शेवटचं वाक्य तो स्वतः म्हणायचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गंगा धोक्याची ७१.२६२ मीटरची खूण ओलांडून गेली. रत्नेश्वराचं कललेलं देऊळ शिखरापर्यंत पाण्यात, घाट दिसेनासा. भिंतींच्या फटींतल्या साऱ्या मुंग्या जिन्यानं वर आल्या, तोंडात कोष धरून, पायरी-पायरीनं, माणसांसारख्या एका कडेनं. सासूबाईंच्या हातात मुंग्यांचा खडू होता. त्या बराच वेळ जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मग खडू कनवटीला खोचला आणि कणकेत साखर कालवून पायरीच्या कडेला टाकली. रस्त्याकडेच्या मुंग्यांना कणीक-साखर घालणारे लोक काशीत रोज दिसतात. आमच्या घरात ते त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. आमच्या तिवईखालच्या वाट्यांतलं पाणी धाकट्यानं दिवसातून तीनदा बदललं, बाहेरच्यांनी आतल्यांवर चाल करू नये म्हणून.

पुढच्या दोन वर्षांबद्दल थोडंच. थोरलीच्या परीक्षा वाढल्या आणि वही माझ्याकडे आली. एकदा माकडानं जाळीतून हात घालून बाहेरची काच तडकवली, चिकटपट्टीवर भागलं. २०२२ आणि २०२३ या दोन थंडीत सगळ्या राणीभोवती घोळका करून निपचित असत आणि होळीपर्यंत साखरपाणी तसंच राही. राणी कधी दिसायची, कधी महिनाभर नाही.

२०२४ च्या मे महिन्यात धाकट्यानं मला हाक मारली. खालच्या खोलीत कोषांतून निराळेच मुंगळे निघाले होते, लांब, काचेसारखे पंख असलेले. पाच वर्षांत पहिल्यांदाच. बारीक चणीचे बरेच, ते नर, आणि जाड पोटाच्या सात. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्या म्हण पुन्हा म्हणाल्या नाहीत.

जूनच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस झाला. संध्याकाळी तो थांबल्यावर थोरलीनं पुस्तक मिटलं. दोघांनी मिळून तिवई गच्चीवर नेली, वरचं झाकण काढलं आणि काचेतून गच्चीच्या कठड्यावर एक बांबूची काडी लावली. बराच वेळ काही झालं नाही. मग एक नर काडीवर चढला, टोकाला जाऊन थांबला, परत फिरला. मग एक राणी आली. काडीच्या टोकाला पंख दोनदा हलवून पाहिले आणि ती घाटावरच्या दिव्यांकडे गेली.

"सहा राहिल्या," धाकटा म्हणाला.