ट्रॅक्टरमागचं अवजार आणि आपला पदर

मैत्रिणींनो, मिक्सर घेताना आपण झाकण उघडून, पातं बघून, आवाज ऐकून मगच पैसे मोजतो. शेतीचं अवजार मात्र अंगणात उतरल्यावरच आपल्या नजरेला पडतं. बचत गटाच्या कामामुळे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत माझं जाणं-येणं असतं. तिथल्या एका गटाने ट्रॅक्टरला जोडायचा, गवत कापण्याचा मोवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी आग्रहच धरला, "पारखायला तुम्हीच चला."

ओळींमधलं गवत वरचेवर कापून तिथेच पसरलं की माती उघडी पडत नाही, ओल टिकते. पण हा मोवर बारीक गवतासाठी. कमरेएवढं रान माजलं असेल तर जाड पात्यांचा स्लॅशरच हवा. दुसरी गोष्ट रुंदीची. मोवर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडा रुंद हवा, नाहीतर चाकाखाली दबलेलं गवत तसंच राहतं. ताकदीचा ढोबळ हिशेब फुटाला पाच एचपी. म्हणजे चार फुटी मोवरला पीटीओवर वीसेक एचपी मिळायला हवेत.

जोडणी सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून करायची. आधी दोन्ही चाकांतली हवा सारखी करायची. मग डावी-उजवी बाजू टेपने मोजून समान करायची. पुढची कड मागच्यापेक्षा पाव इंच खाली ठेवली की कापणी स्वच्छ होते. उंची मोवरच्या लहान चाकांवर ठरते, म्हणून वरचा टॉप लिंक किंचित सैल सोडायचा. मग मोवर जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे चालतो. गिअरबॉक्समधलं तेल आणि पात्यांचे बोल्ट दरवेळी बघायचे.

आता खरा मुद्दा. ट्रॅक्टरची ताकद मोवरपर्यंत नेणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९! पदर, ओढणी किंवा वेणीचं टोक त्यात गेलं तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं, आणि ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून साखळी. दुकानात गटातल्या एका ताईंनी आवरणाबद्दल विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "ते काय, सगळे काढूनच टाकतात." ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, शेतात भाकरी घेऊन मी जाते. आवरण नसेल तर अवजार नको." आवरण आलं, साखळीसकट!

आवरण असलं तरी चालू ट्रॅक्टरजवळ जायचं नाही, पोरांना तर नाहीच. पात्याखालून उडालेला दगड लांबवर जातो. गवत अडकलं तर आधी इंजिन बंद, किल्ली आपल्या हातात, पाती थांबलेली, मगच हात घालायचा.

२०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानात महिला शेतकऱ्यांसाठी अनुदानाचा दर अधिक ठेवला आहे. अर्ज महाडीबीटीवर होतो. आपल्याला हवं ते अवजार यादीत आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि हो, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे ना, तेही एकदा बघून घ्या!