आलो, आले, आलात
लेखमाला : ओळख आणि उच्चार – लेखांक ६

मराठीत स्वतःविषयी एक साधं वाक्य बोलायचं तरी आधी लिंग जाहीर करावं लागतं. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’. बंगाली माणूस दिवसभर स्वतःबद्दल बोलत राहिला तरी त्याच्या क्रियापदांवरून तो पुरुष की स्त्री ते कळत नाही. मराठीत उंबरठ्यावरच झडती होते. जिला जन्मदाखल्यावर ‘मुलगा’ म्हणून नोंदवलं गेलं, पण जिला आपण मुलगी आहोत हे आतून ठाऊक आहे, तिची पहिली झटापट कपड्यांशी होत नाही. ती होते या ‘ओ’ आणि ‘ए’शी, तीन-साडेतीन वर्षांची असताना. ‘मी जेवले’ म्हटलं की घरातले हसतात आणि ‘जेवलो म्हण’ सांगतात. तोवर गंमत असते. दहाव्या वर्षी तेच बोललं तर पाठीत धपाटा बसतो.

गेल्या आठवड्यात आपण शरीराचं लिंग आणि मनाला जाणवणारा लिंगभाव यांतला फरक पाहिला. ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष आणि या दोन्ही खणांत स्वतःला न बसवणाऱ्या नॉन-बायनरी व्यक्ती, असे शब्दही पाहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगसूचीत शरीर आणि लिंगभाव यांतली ही तफावत मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली, हेही आलं. आज बोलण्याकडे वळू. छळाची सुरुवात बहुतेक वेळा हातांनी होत नाही, बोलण्यानेच होते.

‘मराठीला तीनच लिंगं आहेत, आम्ही तरी काय करणार?’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती निम्मीच खरी आहे, कारण मराठी दिसते तितकी कडक नाही. ‘मी येईन’ यात लिंग नाही, ‘मी भाकरी खाल्ली’ यात नाही, ‘मला वाटलं’ यातही नाही. आपल्या बोली तर आणखी सैल. दक्षिण रत्नागिरीपासून खाली मालवणी मुलखात ‘मी जातंय’ हे बाप्याही म्हणतो आणि बाईही म्हणते. कोल्हापूरच्या मुली बिनदिक्कत ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला काही होत नाही. मालवणीतलं ‘चेडू’ नपुंसकलिंगी आहे, गोव्यात तरुण मुलीला ‘तें’ म्हणतात, आणि त्यात अपमान आहे असं कुणाला वाटत नाही. प्रमाण मराठीने शाळेच्या फळ्यावर जी शिस्त लावली, ती कोकणातल्या अंगणाने कधीच पुरती पाळली नव्हती.

पण मोठी सवलत वेगळीच आहे, आणि ती प्रमाण मराठीतच आहे. ‘तू आलास, तू आलीस’ यात लिंग आहे, ‘तुम्ही आलात’ यात नाही. ‘त्याला, तिला’ यात आहे, ‘त्यांना’ यात नाही. ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांचं घर’, ‘त्यांना बसायला द्या’ ही वाक्यं ज्यांच्याविषयी आहेत ते बाप्ये की बाया, हे शोधून सांगता येणार नाही. फक्त ‘ते आले, त्या आल्या’ इथे येऊन गाडी अडते. म्हणजे आपण एखाद्याला मान देतो तेव्हा आपलं व्याकरण त्याचं लिंग विचारणं जवळजवळ सोडून देतं. स्वीडिश लोकांना ‘हेन’ हे नवं सर्वनाम रुजवावं लागलं, ते २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत आलं. इंग्रजीत एका व्यक्तीसाठी ‘दे’ वापरावं का यावर अजून भांडणं चालतात. मराठीतलं आदरार्थी अनेकवचन आपण रोज तलाठ्यापासून मास्तरांपर्यंत सर्वांसाठी खर्च करतो. ते एका ट्रान्स माणसासाठी खर्च करताना मात्र हात आखडतो.

मग ‘ते’ हे नपुंसकलिंगी एकवचन का नको, असं काहीजण प्रामाणिकपणे विचारतात. नको, कारण मराठीतलं नपुंसकलिंग तटस्थ नाही. ‘ते लेकरू झोपलं’ यात माया आहे, पण मोठ्या माणसाला ‘ते आलं बघ’ म्हटलं की त्याची वस्तू होते. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर, कोकण रेल्वेच्या डब्यात, हे ‘ते’ कोणत्या सुरात म्हटलं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. नॉन-बायनरी मराठी भाषकांपैकी काहीजण ‘आलो’ आणि ‘आले’ आलटून पालटून वापरतात, काही ‘आम्ही’वर येतात, काही सरळ ‘तो’ किंवा ‘ती’च्या आधाराने चालतात. त्यांनी निवडलेलं ‘ते’ आणि त्यांच्यावर फेकलेलं ‘ते’ यांत अंतर आहे. ‘तुम्हाला काय हाक मारू?’ या प्रश्नात तर कुठेच लिंग नाही, तो कुणालाही विचारता येतो.

आता छळाकडे. मुलगा जरा हळुवार चालला की ‘बायल्या’, मुलीने केस कापले की ‘बाप्या झालीस काय’. पुढे ‘छक्का’, पुढे टाळी. प्रत्येक वेळी पळवाट एकच असते, ‘मस्करी केली’. कोकणाला मस्करीचं भारी कौतुक आहे, आणि ते रास्तही आहे. शिमग्यात शिव्यांना मुभा असते, गोमू किंवा राधा होऊन पुरुष नाचतो, नमनातल्या गौळणी पुरुषच करत आले आणि गाव त्यांना डोक्यावर घेतं. त्या मुभेला दिवस असतात, पालखी देवळात गेली की संपते. ट्रान्स पोराच्या वाट्याला शिमगा येतो तो बाराही महिने, आणि ढोलाशिवाय. लुगडं नेसून रात्रभर नाचणाऱ्याला टाळ्या देणारं गाव सकाळी तेच लुगडं मनापासून नेसू पाहणाऱ्याला का हसतं? माझ्या मते, पहिल्याने ते उतरवायचं कबूल केलेलं असतं म्हणून.

एका टोमण्याने कुणी मरत नाही, असं म्हणतात. खरं आहे. पण टोमणा एकटा येत नाही. वर्गात हजेरीला, मुतारीच्या दारात, सुट्टीत, घरी पाहुण्यांसमोर तो येत राहिला की माणूस आधीच अंग चोरून बसायला शिकतो. मग मुतारी टाळण्यासाठी पाणी पीत नाही, हजेरी टाळण्यासाठी शाळा टाळतो. संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये याची मांडणी केली. अल्पसंख्य असण्याचा ताण हा रोजच्या ताणावर चढणारा जादा भार असतो, त्यात प्रत्यक्ष अपमानाइतकीच ‘आता होईल’ ही धास्तीही मोजावी लागते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या १२९ ट्रान्स तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्र या चार ठिकाणांपैकी आणखी एका ठिकाणी जरी निवडलेल्या नावाने हाक मारली जात असेल, तरी आत्महत्येच्या विचारांत २९ टक्के आणि तशा कृतींत ५६ टक्के घट आढळली. नमुना लहान होता आणि देश वेगळा, हे धरूनही आकडे बोलके आहेत. नावाने हाक मारायला पैसे पडत नाहीत.

आपल्या जिल्ह्यात या छळाचं एक सोयीचं टोपणनाव आहे, ‘मुंबईला गेला’. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. इतके पुरुष चाकरीसाठी बाहेर असतात की आणखी एक पोर गाव सोडून गेलं तर कुणी कारण विचारत नाही. गणपतीला का येत नाही, एवढंच विचारतात, आणि आई ‘सुट्टी नाही मिळाली’ म्हणते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांनी ‘इतर’ या रकान्यात नोंद केली. घरच्यांसमोर बसून प्रगणकाला असं उत्तर देणं किती जणांना जमलं असेल?

या जिल्ह्याकडे बहिष्काराची जुनी आठवणही आहे. दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या स्वतःच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं. तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा असलेला त्यांचा मुलगा रघुनाथ पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा संपादक झाला. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्याने ते चालवलं. ज्या गोष्टी लोक डॉक्टरला विचारायलाही धजत नव्हते, त्या वाचक र. धों. कर्व्यांना पत्राने विचारत. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून, त्यात समलैंगिकतेवरचा प्रश्नही होता, त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरचं लेखन तेवढ्यानेच अश्लील ठरत नाही, आणि प्रश्न कुणाला विकृत वाटला तरी त्याला ज्ञानानेच उत्तर द्यावं लागतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर्वे खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मला यात कोर्टापेक्षा ते पत्र पाठवणारे महत्त्वाचे वाटतात. १९३४ मध्येही विचारणारे होते, म्हणजे ‘हे सगळं हल्लीचं फॅड’ हा आक्षेप नव्वद वर्षं उशिरा आला आहे.

शब्दांचं म्हणाल तर सरकारी मराठीत ‘तृतीयपंथी’ रुळला आहे. त्यातला पंथ गुरू-चेल्यांच्या घराण्यात राहणाऱ्यांना चालून जातो, कणकवलीत किंवा खेडमध्ये नोकरी करणाऱ्या ट्रान्स पुरुषाला त्याचा काही उपयोग नाही. ‘हिजडा’ ही शिवी आहे आणि परंपरेचं नावही आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आत्मकथनाच्या शीर्षकात तो ताठ मानेने वापरला, पण तेवढ्यावरून तो आपल्याला परक्या माणसावर वापरता येत नाही. ‘पारलिंगी’ हा नवा शब्द मला बरा वाटतो. स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी रत्नागिरीतून भाषाशुद्धीची मोहीम चालवली, तेव्हा ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ हे शब्दही लोकांना हास्यास्पद वाटले असतील. तमिळमध्ये ‘तिरुनंगई’ हा मानाचा शब्द सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत रुळला, तो कुणीतरी वापरत राहिलं म्हणूनच.

कागदावरचा शब्द चुकला तर काय होतं, ते जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये दिसलं. अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. अधिकाऱ्याने तो फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला, आणि त्या निवडून आल्या. गावाला त्या कोण आहेत ते कळलेलं होतं, अडलं होतं ते फक्त रकान्याचं. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निकालात लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा मानला होता, आणि तरी ही पायपीट सहा वर्षांनंतरची.

२०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्करक्षणाच्या कायद्यात कलम १८ आलं. त्यात मारहाण आणि लैंगिक अत्याचाराबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही गुन्हा ठरवला गेला, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. ‘मस्करी केली’ या पळवाटेला कायद्याने पहिल्यांदाच कुलूप घातलं. पण त्याच कलमाने लैंगिक अत्याचाराच्या शिक्षेची मर्यादाही दोन वर्षांवर आणून ठेवली, आणि स्त्रीवरच्या बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षं होती. त्यावर ट्रान्स समाजातल्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच आवाज उठवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘तो’ या सर्वनामात पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असे तिघेही येतात, असं व्याख्येत लिहिलं आहे. व्याख्येत जागा झाली, बलात्काराच्या कलमात मात्र पीडित अजून स्त्रीच आहे.

पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीचं बरंच काही मात्र आपल्या तोंडी आहे. दवाखान्यात केसपेपरवरचं जुनं नाव सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं पुकारण्याऐवजी आडनाव किंवा नंबर पुकारता येतो. बँकेत ‘दादा’ की ‘ताई’ अशी अडचण पडली तर ‘या, बसा, कुठली स्लिप हवी?’ एवढं पुरतं. बोलताना चूक झाली तर दुरुस्त करून पुढे जावं. तिथेच थांबून माफीचं कीर्तन लावलं की समजूत घालायचं काम पुन्हा त्याच माणसावर येतं. वर्गात एकाने ‘बायल्या’ म्हटलं तर शिक्षकांनी ज्याला म्हटलं त्याला उभं करून चौकशी करू नये, ज्याने म्हटलं त्याला नंतर बाजूला घ्यावं. आणि ज्या घरात पोर अजून ‘मी जेवले’ म्हणतंय, त्या घराने आज तरी ते वाढून द्यावं, व्याकरण उद्या बघू.

(पुढील लेखांक : जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार, तीन कागदांवरचं एक नाव)